समोच्च रेषा

घर माझ्याआधीच उभं होतं.
पिंपळनेरच्या पुढे, टेकाडाच्या छातीवर
काच, काँक्रीट, आणि पट्टी ठेवून ओढल्यासारखं
एक लांब सपाट छप्पर.
बोरसे डॉक्टर म्हणाल्या, आता भोवती बाग हवी,
आणि मोबाइलवर दाखवली
कुठल्याशा ओल्या देशातली हिरवळ.
मी मुरुमात टाच रोवून पाहिली.
रुतली नाही.

पहिला नकाशा पुण्यात बसून केला होता, कबूल.
फाटकापासून दारापर्यंत चौदा पायऱ्या, सरळ.
दोन्ही बाजूंना बॉटल पाम,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
कागद सपाट असतो.
त्याच्यावरून पाणी धावत नाही.

दगा मिस्तरी, नावाच्या अगदी उलट माणूस,
त्याने नकाशा उलटा धरला, मग आडवा,
मग घडी घालून खिशात ठेवला
आणि विडी पेटवली.

तेवढ्यात ठगूबाईच्या शेळ्या आल्या.
कुंपण व्हायचं होतं, वाट त्यांची जुनी.
हिवराखाली एक वळण, काळ्या पाथरापाशी दुसरं,
कुठे धाप लागू नये असा चढ.
मी मागून फक्की टाकत गेले.
ठगूबाई पदराआड हसली :
"जठे बकरी थांबस, तठे पायरी मांड वं माय."

चौदाच्या एकेचाळीस झाल्या.
डॉक्टर हाडांच्या. त्यांनी मोजल्या,
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला,
बोलल्या काही नाहीत.

या टेकाडातून एक काळी भिंत गेली आहे,
कुणीच न बांधलेली.
जमीन फाटली तेव्हा आतली आग वर आली
आणि फटीतच थिजली.
ठेकेदार म्हणाला, सुरुंग लावू, दोन दिवसांचं काम.
मी तीन दिवस भांडले.
आता अंगण तिला पाठ टेकून बसलं आहे,
आणि तिच्या उत्तरेच्या बगलेत, जिथे ओंजळभर माती टिकते,
पांढरा कुडा आहे.

उतारावर रोशा गवत सोडलं.
लावलं म्हणत नाही; ते होतंच, आम्ही फक्त खुरपं थांबवलं.
सालईच्या सात फांद्या रोवल्या, चार मेल्या.
अंजनाची बारा रोपं. त्यांच्याबद्दल डॉक्टर अजून रागावतात :
तीन वर्षांत वीतभर?
मी म्हणते, तो आधी खाली जातो,
वर यायची त्याला घाई नसते.
हिरवळ दिली, नाही असं नाही.
स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर,
दोन चटया मावतील एवढी हरळी.

मे महिन्यात त्यांचा फोन आला.
पंचेचाळीसच्या वर पारा, आवाजही तापलेला.
"सगळं पिवळं पडलंय हो."
मी विचारलं, रस्त्यावरून घर दिसतं का?
"नाही ना! परवा पाहुणे दोनदा पुढे निघून गेले.
टेकाडच दिसतं नुसतं."
मी काही म्हणाले नाही.
मनातल्या मनात बिलावर सही केली.

"आणि त्या शेळ्या," त्या म्हणाल्या,
"अजून येतात. पायरीवर बसतात. हाकलू का?"
कितव्या पायरीवर?
पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याची घरघर.

"तेविसाव्या," त्या म्हणाल्या.
"मीही तिथेच बसते."