उरलेला बिल्ला

लुईस बेटाच्या उत्तर टोकाला आमची मंडळी.
झाड एकही नाही, वारा मात्र बारमाही.
मी चर्चचा राखणदार. माझ्याकडे घंटा, शेगडी, किल्ल्या,
आणि शिश्याचे एकशे बारा बिल्ले.

ज्याच्या हाती बिल्ला, तोच प्रभूच्या मेजाशी बसणार.
जुनी रीत आहे, तुम्हाला कडक वाटेल.
शनिवारी मी ते राखेनं घासतो, मोजून देतो,
सोमवारी मोजून घेतो.
एकशे अकरांना माणसांच्या तळव्यांचा वास येतो.
एकाला नुसता राखेचा.

तो टॉर्मोडचा.
तीस वर्षं शेवटच्या बाकावर बसला,
दाराच्या फटीतल्या वाऱ्याकडे पाठ करून.
स्तोत्र उचललं की त्याचा आवाज
पुढच्या चार बाकांना ओढून नेई.
पण भाकर फिरू लागली की दोन्ही हात मांडीखाली,
थंडी वाजणाऱ्या पोरासारखे.

ठाऊक सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं.
त्याचा धाकटा मुलगा, रूअरी, बंदराच्या दिव्याखाली बुडाला,
आई धक्क्यावर कंदील धरून उभी असताना.
त्या रात्री, रिकाम्या हातांनी परतणाऱ्या होडीत
टॉर्मोड उठून उभा राहिला
आणि पवित्र आत्म्याला उद्देशून एक वाक्य बोलला.

बाकी सगळ्याला माफी आहे म्हणतात.
खुनाला आहे, खोट्या शपथेला आहे,
शब्बाथाच्या दिवशी जाळं टाकण्यालासुद्धा,
जरा मुश्किलीनं.
त्या एका वाक्याला नाही.

तीन पाळक आले, तीन गेले.
शेवटचे गिलेस्पी, एडिनबर्गला शिकलेले, कोवळ्या मिशांचे,
टॉर्मोडच्या चुलीपाशी बसून म्हणाले,
"आपण ते पाप केलं अशी ज्याला भीती वाटते
त्यानं ते केलेलंच नसतं. भीती हाच पुरावा."
टॉर्मोडनं पीटचं ढेकूळ आगीवर उलटं केलं.
"म्हणजे भीती सुटली की मी मेलोच.
बरं झालं सांगितलंत. घट्ट धरून ठेवतो."
पाळकांचा चहा तसाच गार झाला.

पुढे त्याचं डोकं विसरू लागलं.
आधी मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा गेल्या,
मग बायकोचं नाव.
मग रूअरीचं मरणही गेलं,
रोज संध्याकाळी तो त्याला जेवायला हाक मारी.
भीती तेवढी राहिली,
मालक गेल्यावरही उंबऱ्याशी बसणाऱ्या कुत्र्यासारखी.

मार्चमध्ये एकदा त्यानं माझी बाही धरली.
"फिन्ले, त्या रात्री वल्ह्यावर तू होतास.
काय बोललो रे मी?
कशाची माफी मागायची, तेच आठवत नाही."

मी होतो. मी ऐकलं होतं.
ते वाक्य मी इथंही लिहिणार नाही.
एवढंच सांगतो,
की तो बोलला तेव्हा माझं वल्हं थांबलं
आणि मनातल्या मनात मी आमेन म्हटलं.
त्यानंतर तीस वर्षं
माझा बिल्ला मी मेजावर ठेवत आलो,
भाकर घेतली, ओठ पुसले.

म्हटलं, "वारा होता, टॉर्मोड. काही ऐकू आलं नाही."
"काहीच नाही?"
"काहीच."
तो कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
पाणी किती खोल आहे ते अजमावणाऱ्या नावाड्यासारखा.
मग म्हणाला,
"त्याच्याही कानांत वारा असेल का रे?"

एप्रिलात गेला.
पेटीवर झाकण ठेवण्याआधी त्याचा कोट मीच नीट केला.
आज शनिवार. बिल्ले घासले.
एकशे अकरा भरले.
पाळकांनी विचारलं, मी म्हटलं, एखादा फटीत गेला असेल.
दुसरं खोटं.

कोटाच्या खिशात गेला तो त्याचा नव्हे.
तो माझा होता, झिजलेला, कडा गुळगुळीत झालेला.
त्याचा माझ्या मुठीत आहे.
उद्या मेजाशी जायचं की शेवटच्या बाकावर, ठरलेलं नाही.
मघापासून धरून बसलोय.
शिसं आहे,
हळूहळू तापतं.