एक्केचाळीसास अकरा

माझ्याकडे लोक गाडी आणतात आणि आधी आकडा सांगतात,
नाव नंतर.
थॅडियस प्रुइटनंही तेच केलं: "चार-दहा घाल."
बहात्तरची नोव्हा, तीनच गिअर, ओव्हरड्राइव्ह नाही,
बोनेटवर वाळल्या कणसाच्या रंगाचा पट्टा.

टोलीडोच्या पूर्व अंगाला बापाचं हे गॅरेज, आता माझं.
पाटी अजून त्याचीच. लोक विचारतात, गाबोर सिलाजी कुठे आहेत?
मी म्हणते, जेवायला गेलेत.
अकरा वर्षं झाली.

मागचं कव्हर उघडलं, काळं तेल परातीत सोडलं,
दिवा धरून जुने दात पाहिले. तीन-शून्य-आठ.
"शर्यतीत पळवतोस?"
"दर शनिवारी."
दात एकाच अंगाला गुळगुळीत,
उंबरठ्याची येण्याजाण्याची कड झिजते तसे.
हे हायवेवर झिजले होते, एका वेगानं,
पुन्हा पुन्हा त्याच कुठल्यातरी गावाला जाऊन.
सगळ्याची सोंगं आणता येतात, दातांचं नाही.

पण गिऱ्हाइकाचा आकडा बसवणं हे माझं काम.
शिम काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या,
दातांना पिवळा रंग लावून ठसा पाहिला,
फट इंचाच्या आठ हजारांश, कमी नाही, जास्त नाही.
जुनी जोडी तेलकट कागदात गुंडाळून
वर त्याचं नाव लिहिलं, आणि फळीवर ठेवली.

पट्टीवर वेळ चार दशांशांनी उतरली.
त्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला,
खाली नुसतीच उद्गारचिन्हं.

ऑक्टोबरात परत आला. दाराशीच उभा,
किल्ली या हातातून त्या हातात.
"फोर्ट वेनला माझी मुलगी असते. ओडेसा. आईकडे.
दर दुसऱ्या शुक्रवारी आणतो, रविवारी सोडतो.
पासष्टच्या वेगाला इंजिन बत्तीसशेवर बोंबलतं.
ती सांगत असते काहीबाही, मी हो हो करतो.
परवा मधेच म्हणाली,
बाबा, मी आत्ता काय म्हणाले, सांग."

मी फळीवरून पुडकं काढलं.
"टाकलं नाहीस?"
"चांगले दात कोण टाकतं?"
उघडून बघत राहिला. चोवीसशे फेरे. शांतता.
आणि दर शनिवारी शेजारच्या गल्लीतला कुणीही
त्याला मागे टाकून जाणार.
"मधलं काही नाही का?"

तळ्यात की मळ्यात, दोन्हीकडे एकेक पाय:
असली गिऱ्हाइकं बापाला आवडत नसत.
मला आवडतात की नाही, अजून ठरलेलं नाही.
पुठ्ठ्यावर खडूनं मांडून दाखवलं:
तीन-त्र्याहत्तर. पट्टीवर एक दशांश जाईल, फार तर दीड.
हायवेवर मिनिटाला तीनशे फेरे वाचतील.
"तीनशेत ती ऐकू येईल?"
"ते माझ्या तक्त्यात नाही."

बराच वेळ पुठ्ठा बघितला त्यानं.
शेवटी खडूच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि तो पुसलाच गेला.

मोठ्या चाकाला एक्केचाळीस दात, लहानाला अकरा.
भाग जात नाही.
म्हणून इकडच्या प्रत्येक दाताला तिकडचा प्रत्येक दात
गाठावाच लागतो, कुणाला टाळता येत नाही,
चारशे एक्कावन्न भेटी झाल्या की मग पुन्हा पहिल्यापासून.
हे मी कुणाला सांगत नाही. त्याला सांगितलं.
त्यानं मान हलवली, किल्ली घेतली, पैसे मोजले.

"पहिले पाचशे मैल पट्टीवर नाही," मी म्हटलं,
"सावकाश चालव, तापली की निवू दे,
दात एकमेकांना लागू होईपर्यंत."

त्यानं बोटांवर हिशेब केला.
फोर्ट वेन, एका बाजूनं एकशे पाच.
एकदा तिला आणायचं, सोडायचं,
आणि पुढच्या शुक्रवारी आणायला निघालं
की पाचशे भरतात
तिच्या दाराच्या पंचवीस मैल अलीकडे.