रात्री दोन ते चार

रात्री दोन ते चार, एवढीच मुभा.
या वेळात माझगाव कमीत कमी बोलतं,
आलेखात दिसतं तसं:
गोदीतल्या रात्रपाळीचे थोडे फोन, हॉस्पिटलचे,
आणि कुणी एक, जो रोज सव्वादोनला
एकाच नंबरला लावतो
आणि तीन सेकंदांत ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावर पूर्वी स्विचची कपाटं होती,
माणसाहून उंच.
आता फरशीवर त्यांच्या पायांचे फिक्के चौकोन,
आणि कोपऱ्यात दोन रॅक सर्व्हर,
ज्यांना स्वतःचं असं काही काम नाही.
काय व्हायचं ते मी सांगायचं:
तू कॉल जोडणारा, तू हिशेब ठेवणारा,
तू दारात उभा राहून सिमकार्ड तपासणारा.
सगळं एका फाइलीत, साध्या अक्षरांत.

पागधरे निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
तरी आले. वॉचमनने अडवलं नाही.
डब्यात जवळ्याची चटणी, तीन भाकऱ्या.
"चुरीबाई, यंत्र कुठाय?"
मी स्क्रीन दाखवला.
त्यांनी तो जरा सरकवून मागे पाहिलं.

हे टूल कुणाचं?
कुणाचंच नाही, काका. सगळ्यांचं. फुकट.
"मग बिघडलं की धरायचं कुणाला?"
मी त्यांना एक टीप वाचून दाखवली,
कुणा अनोळख्याने कोडमध्ये सोडलेली:
इथले पाच सेकंद काढू नका. का ते माहीत नाही.
काढले की पडतं.
तेव्हा ते पहिल्यांदा हसले.
"आपल्याकडे एक रिले होता तसा.
खाली पुठ्ठा घातलेला."
त्याच कोडात खोल कुठेतरी माझ्या तीन ओळी आहेत,
चाळीस दिवसांनी स्वीकारलेल्या.
घरी बोलले नव्हते, ते त्यांना सांगून टाकलं.

दोन एकेचाळीस. चालवलं.
हिरवं, हिरवं, हिरवं, लाल.
ओळ एकशे अठरा, म्हणे.
एकशे अठरात काहीच चूक नव्हती.
पागधरेंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लावलं.
एकतीस वर्षं पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा
जोड ओळीत बसवलेले डोळे.
"ही बघ, आत गेलीये."
ती आतच हवी, काका.
पण तिच्या खालची,
तीही आत हवी होती. नव्हती.
एक रिकामी जागा कमी पडली
म्हणून सगळं अडून बसलेलं.

तीन बावीस. उठले सगळे.
दोन हातांवरून त्यांनी मला फोन लावला:
"टेस्टिंग. माझगाव. येतंय का ऐकू?"
दोनदा आलं. एकदा खोलीतून,
एकदा जरा उशिरा.

मग मी मुद्दाम एक मारला,
चालता, कॉल जोडणारा.
अकरा सेकंदांत त्याच्या जागी दुसरा,
कुणी न सांगता.
पागधरे बराच वेळ बघत राहिले.
"नाव तेच ठेवतात?"
पुढचं तेच. शेवटची पाच अक्षरं नवी.
"अकरा सेकंद," म्हणाले.
त्यांच्या पोस्टवर अजून कुणी घेतलेलं नाही,
ते दोघांनाही माहीत होतं.
उरलेली भाकरी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

उद्या सव्वादोनला तो लावेल,
तीन सेकंद.
त्याला काही कळणार नाही.
तसंच ठरलं होतं.