सात नंबरचं झाकण

लिमफ्योर्डच्या उत्तरेला, मार्चमधल्या एका उजाडत्या सकाळी,
बर्फ नुकतंच वितळलेल्या बार्लीच्या वावरात
आस्गर बारा पांढरी झाकणं मातीत रोवतो.
प्रत्येकाखाली हातभर जमीन.
चाळीस मिनिटं, एक सुई, चार कुप्या.
मी गाडीत, मांडीवर लॅपटॉप, हीटर चालू.
कबूल करते:
माती मी कामापुरतीच ओळखते.

माझी माती चार गुणकांची.
पहिली तिची ऐपत, जास्तीत जास्त किती गमावू शकेल ती.
दुसरं नायट्रेट: थोडं असताना वक्र भराभर चढतो,
पुढे कितीही ओता, सपाट,
पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटावरचा आडवा हात.
तिसरं पाणी: छिद्रं साठ टक्के भरेपर्यंत काहीच नाही,
मग एकदम घाट.
चौथी ऊब: दहा अंश वाढली की दुप्पट.
चारांचा गुणाकार. एक जरी शून्य निघालं
तर बाकी तिघांनी डोकं आपटावं, उत्तर शून्य.
मला हे आवडतं.
बेरजेत लोक एकमेकांना सांभाळून घेतात.

ढेकळाच्या पोटातली हवा संपली
की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओरबाडतात
आणि उरलेला नत्र सोडून देतात.
पुरता सोडला तर हवेत हवा.
आपल्या श्वासात पाचांतले जवळजवळ चार भाग तोच असतो,
काही न करता आत येतो, काही न करता बाहेर जातो.
अर्धवट सोडला तर तो दुसरा,
दातांच्या दवाखान्यात हसवणारा,
वर गेल्यावर आभाळ तापवणारा.

शेत टॉर्किल व्हेस्टरगोरचं. त्याचा फोन येतो.
"एकशे ऐंशी किलो टाकलं. पिकानं नेलं एकशे दहा.
ओढ्यात गेलं पंचवीस, असं तुम्हीच म्हणता.
ताळा जुळत नाही."
काही मातीतच आहे, मी सांगते. बरंचसं वर.
तो खिडकीतून वर बघत असावा.
"बिल मात्र खालीच आलं," म्हणतो.

फ्योर्डचा जमाखर्च उलटा.
जे वर गेलं ते त्याच्यापर्यंत आलं नाही,
तेवढं शेवाळ कमी, पाण्याखालच्या गवताला तेवढं ऊन.
कुणाचा तोटा धरायचा
हे मॉडेल मला विचारत नाही.

दोन दिवसांनी आकडे आले.
अकरा झाकणं माझ्या रेषेच्या आसपास.
सात नंबर चाळीसपट.
कुपी तपासली. सुई तपासली. आस्गरचं हस्ताक्षरसुद्धा.
अशा बिंदूला घराबाहेर काढायला
आमच्याकडे एक सभ्य शब्द आहे.
तो वापरला. रेषा छान बसली.

संध्याकाळी बूट काढता काढता आस्गर म्हणाला,
"सात? तिथे फाटक होतं ना.
एकाहत्तर सालापर्यंत. धारेच्या वेळी
अख्खा कळप तिथे ताटकळायचा.
मी मुद्दाम तिथे लावलं."
तुला कसं कळलं?
"चालताना पाय वेगळा वाजतो."

मी सगळं पुन्हा उघडलं. सात नंबरला आत घेतलं.
रेषा विस्कटली. वावराची सरासरी चौपटीच्या वर गेली.
म्हणजे बारांपैकी एका जागेतून,
पन्नास वर्षांपूर्वी उपटलेल्या फाटकातून
गळतीतला तीन चतुर्थांश नत्र
अजून ये-जा केल्यासारखा निघून जातो.

पाचवा गुणक जोडायला बसले.
एकक काय लिहू?
गाई? वर्षं?
दर चौरस मीटरला ताटकळणं?

टॉर्किलला फोन केला, फाटकाचं सांगितलं.
आधी हसला. मग म्हणाला, मी सात वर्षांचा होतो,
कडी मला पोचायची नाही,
आणि नावं घेऊ लागला: डाग्मार, प्लेट,
एका शिंगाची ती, तिचं नाव...
थांब, म्हटलं,
मी पेन शोधते आहे.