ऐंशी साखळ्या

ऐंशी साखळ्या म्हणजे एक मैल.
माझे वडील, मल्लाप्पा हिंगमिरे, मोजणी कामगार,
जेवतानासुद्धा हे पुटपुटत.
जत तालुक्यात, संखच्या अलीकडे,
कुसळांशिवाय काही न उगवणाऱ्या माळावर
त्यांनी तो मैल आखला.
दोन्ही टोकांना चुन्याच्या फकीचे पट्टे,
मध्ये एक बोरीचं झुडूप, उपटायचं राहिलेलं.

गाडी म्हणजे गाडीची हाडं.
संस्थानानं मोडीत काढलेली,
मडगार्ड नाही, टप नाही,
बसायला गुळाच्या गोणपाटाची घडी.
बालेचाँद शिकलगार मिरजेचा.
घरात तंबोऱ्याचे भोपळे वाळत टांगलेले,
थोरला भाऊ जवारी लावायचा,
हा इंजिनाला कान लावून बसायचा :
"तिसरा सिलिंडर जरा उतरलाय."
तेल्याकडचं एरंडेल पाजायचा तिला,
म्हणून ती गेल्यावर माळभर
जुलाब दिलेल्या पोराच्या खोलीसारखा वास.

विलायतेत कुणी वाळूवरून
ताशी दोनशे मैलांनी गेला,
ते कात्रण त्याच्या टोपीच्या अस्तरात.
"दोनशे त्यांना राहू दे," म्हणायचा,
"आपल्याला शंभर बास."

मार्गशीर्षातली सकाळ, वारा पडलेला.
पहिल्या पट्ट्यावर तलाठी,
बांबूला बांधलेलं धोतर घेऊन.
दुसऱ्यावर वडील,
हातात ड्रिलमास्तरांचं उसनं घड्याळ.
धोतर खाली आलं की बटण दाबायचं,
गाडीनं पट्टा ओलांडला की पुन्हा.
एवढंच काम.

धोतर पडलं. वडिलांनी दाबलं.
आधी धूळ, मग टिटव्या उठल्या,
आवाज मागाहून,
मग बोरीचं झुडूप नव्हतंच.
आणि एकदम दात.
धुळीनं सारवलेल्या तोंडात
बालेचाँदचे पांढरे, उघडे दात.
हसत होता की ओरडत होता
हे वडील पुढं पन्नास वर्षं ठरवत राहिले.

ओढ्याजवळ गाडी थांबली.
तो चालत परत आला.
घड्याळ चालूच.

"किती?"
"दाबायचं राहिलं, बालेभाई."

तलाठ्यानं वहीवर टाक टेकवला :
"पंच्याण्णव लिहू? शंभरच लिहितो की."
बालेचाँदनं चष्मा काढला.
डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल.
"रकाना तसाच ठेवा," म्हणाला,
"परत पळवू."
पण तिसऱ्या सिलिंडरचा दांडा तुटला होता,
आणि दांडा मिळायचा मुंबईला,
दीडशे रुपयांना.

पुढं तो मिरज-जत सर्व्हिस मोटार चालवायचा.
विसाच्या वर काटा कधी नाही.
अंड्यांच्या पाट्या घेतलेल्या बायका
त्याचीच गाडी धरून थांबत.

परवा त्याच बाजूच्या नव्या रस्त्यावर
माझ्या नातवाला चलन आलं.
एकशे सोळा. सकाळी नऊ वाजून चार मिनिटं,
वर किती सेकंद तेही, फोटोसकट.
दंड मी भरला. कागद मात्र फाडला नाही.

ड्रिलमास्तरांना घड्याळ परत देणं झालंच नाही,
ते माझ्या कपाटात आहे.
वडिलांनी काटे शून्यावर कधी आणले नाहीत.
चावी संपेपर्यंत ते चाललं,
किती फेऱ्या झाल्या देव जाणे,
आणि थांबलं सत्तावीस मिनिटांवर.

मैलाला सत्तावीस मिनिटं.
म्हणजे बैलगाडी,
तीसुद्धा उतरलेल्या बैलांची.

कधी वाटतं, चावी द्यावी.
बोटं बटणापर्यंत जातात.
मग मीही दाबायचं विसरते.