अठ्ठावीसशे मीटर, मु. पो. रोहणा

नागपूरहून भाड्यानं आणलेली मशीन
सोयाबीनच्या पोत्यांशेजारी घरघरते.
नळी, मुखवटा, पडद्यावर आकडा:
अठ्ठावीसशे मीटर.
आमच्या गावात सगळ्यात उंच
पाण्याची टाकी. तिच्यावरून
नुसती तूर दिसते.

खाटेवर बसून मी पहाड चढतो.
दारातून नथ्थूचं पोट्टं विचारते,
"काका, तिथं थंडी वाजते का जी?"

मार्चमधली हाफ मॅरेथॉन,
दोन तासांच्या आत यायचं, एवढंच.
डाक वाटताना सायकलवर जमवलेला दम
दरवर्षी अठराव्या किलोमीटरला संपतो.

बोटाला ऑक्सिमीटर. तोच,
भाऊजींच्या बोटाचा.
डबीवर अजून ताईच्या अक्षरात तारीख.
ब्याण्णव. नव्वद.
अठ्ठ्याऐंशी.
तेव्हा हाच आकडा वर चढावा म्हणून
आर्वी ते वर्धा
एक सिलिंडर शोधत फिरलो होतो.
आता पैसे देऊन उतरवतो.

ताईनं चहा आणला, आकडा पाहिला,
कप ठेवला
आणि तिथंच बसली.

मग लाइट गेली.
मुखवटा काढला. गावाची हवा,
ढेपेच्या वासाची, दोन्ही नाकपुड्या भरून.

"आता किती?" ताईनं विचारलं.
"थांब. चढून राह्यला."