नेहमीपेक्षा किती

विनिपेग, फेब्रुवारी, उणे एकतीस.
काचेला आतून बर्फ धरलाय,
आणि मी लुझविमिंडा पास्कुआला विचारते आहे
छापील प्रश्न, छापील आवाजात:
गेल्या तीन दिवसांत
शौचाला नेहमीपेक्षा किती वेळा जास्त?

ती हसते. "नेहमी म्हणजे कधीचं?
इलोकोसला होते तेव्हाचं, की इथलं?
की आजाराच्या आधीचं, जे आता आठवतच नाही?"
अर्जावर चौकोन चारच.
शून्य, एक, दोन, तीन.
मी पेन टेकवून थांबते.

"शून्य लिहा."
आणि रक्त?
"नाही. म्हणजे थोडं. म्हणजे नीट पाहिलं नाही,
दिवा गेलाय तिथला,
घरमालक नोव्हेंबरपासून आणतोच आहे."
मी एक लिहिते.
डॉक्टर फ्रीसेन दारातून डोकावून म्हणतात, छान दिसतेयस.
त्यांच्या मताचा रकाना: शून्य.
बेरीज एक.
पडद्यावर हिरवा ठिपका येतो. आजार शांत आहे.

मग कोट चढवताना,
एक हात बाहीत, एक बाहेर,
जाता जाता बसची वेळ सांगावी तसं ती सांगते:
रात्रपाळीला सोळा म्हाताऱ्यांमागे ती एकटी.
त्यांची कूस बदलायची, चादर बदलायची,
त्यांचं सगळं मोजून वहीत लिहायचं,
किती वेळा, कसं, कुठल्या रंगाचं.
स्वतःला जायचं तर मजला सोडावा लागतो,
आणि मजला सोडता येत नाही.
म्हणून कामाच्या दिवशी दुपारी तीननंतर
ती काही खात नाही. पाणी ओठांपुरतं.
"आत काही गेलंच नाही
तर बाहेर काय येणार?"

म्हणजे ते शून्य
तिनं उपाशी राहून कमावलेलं.

तिला दिलेली नमुन्याची डबीही परत आली नाही.
डबी फ्रीजमध्ये ठेवा, असं पत्रकात आहे.
फ्रीज तळघरातल्या पाच जणींचा,
प्रत्येकीचा एक कप्पा, नावाची चिठ्ठी लावलेला.
तिथे ती काय ठेवणार, कुणाच्या भाताशेजारी?
माणूस न्यायला येतो नऊ ते बारा,
तेव्हा ती नुकती झोपलेली असते.
मी नोंदवलं: नमुना अप्राप्त. कारण: रुग्ण.

उन्हाळ्यात तक्ता तयार झाला.
वय, सरासरीसह. स्त्रिया, टक्क्यांत.
गोरे: दोनशे सहा. इतर: अकरा.
या 'इतर' नावाच्या गावात
लुझविमिंडा राहते,
आणि हायरम अपेटागन, जो उत्तरेकडून नऊ तास बसनं येतो
आणि वाटेत कुठे थांबतात ते पाठ म्हणून दाखवतो,
आणि टॅक्सीवाला तेस्फालेम,
ज्याला शहरातली प्रत्येक उघडी कॉफीची दुकानं माहीत आहेत,
कॉफी न पिता.
हे तिघं एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.
अकरा जणांवरून काही सिद्ध होत नाही,
असं आमचा संख्याशास्त्रज्ञ म्हणतो,
आणि त्याचं खरं आहे.

नियतकालिकाकडून पत्र आलं:
आरोग्य-समतेबद्दल एक परिच्छेद जोडावा.
दीडशे शब्दांपर्यंत.
मी रात्रपाळी लिहिली. तळघर लिहिलं. फ्रीज लिहिला.
डॉक्टर फ्रीसेननी चष्मा पुसला, म्हणाले,
हे आपण मोजलेलं नाही.
मी म्हटलं, तेच तर लिहिलंय.
शेवटी एक वाक्य उरलं, मर्यादांच्या खाली,
जिथं वाचणारा पान उलटतो.

बाकीचं मी पोटात ठेवलं.
शब्द चुकून आला, पण राहू दे.

पुढची भेट. वाटेवर बर्फाचा चिखल,
तिच्या बुटांचे ठसे खुर्चीपर्यंत.
मी अर्ज काढते, आणि पहिल्या चौकोनाआधी
कोऱ्या जागेत विचारते: काल काय खाल्लंस? कधी?
ती माझ्याकडे नाही, पेनाकडे बघते.
"आज खरं सांगू," ती म्हणते,
"की शून्य?"